पत्त्यांची जादू : पाहिलेली आणि शिकलेली

पत्त्यांचें नांव काढतांच कित्येक घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडते, आणि ती अगदींच निष्कारण असते असें म्हणवत नाहीं. परंतु त्याच ५२ पानांच्या जोडांत जुगाराहून सर्वस्वी निराळी अशी एक कला दडलेली आहे. ती म्हणजे हातचलाखीची जादू. पूर्वीं ही कला एखाद्या उस्तादाची मनधरणी केल्यावांचून सहसा साध्य होत नसे. हल्लीं ती मोबाइलवरील व्हिडिओंतून घरबसल्या, आणि पुष्कळदां फुकट, शिकावयास मिळते. सुट्टींत मुलें या नादास लागलेलीं पाहून आईबापांस प्रश्न पडतो, कीं यास उत्तेजन द्यावें कीं आळा घालावा? आमच्या मतें उत्तेजन अवश्य द्यावें; मात्र मूल कोणत्या रीतीनें शिकत आहे, इकडे लक्ष असावें.

या कलेवरील एक अत्यंत प्रसिद्ध ग्रंथ १९०२ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें निघाला. ‘दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ या नांवानें तो ओळखला जातो. ग्रंथकर्त्यानें एस. डब्ल्यू. अर्डनेस असें नांव धारण केलें होतें. तो खरा कोण, याचा निर्विवाद उलगडा अद्यापि झालेला नाहीं. कॅनडांतील ओटावा येथें १८९४ सालीं जन्मलेल्या डाय व्हर्ननने लहानपणींच हा ग्रंथ हातीं घेतला व त्यांतील एकेक कृति हातांत मुरेपर्यंत घोटली. १९२२ सालीं शिकागो येथें त्याची हॅरी हुडिनीशीं गांठ पडली. कोणतीहि जादू तीनदां पाहिली कीं तिचें इंगित आपण सांगूं, अशी हुडिनीची प्रौढी होती. व्हर्ननने त्यास एका पानावर आद्याक्षरें लिहावयास लावलें, तें पान वरून दुसरें ठेवलें, आणि वरचें पान उलटतांच तेंच निघालें! प्रयोग पुनःपुन्हां झाला, तरी हुडिनीस उत्तर सुचलें नाहीं.

या हकीकतींत आजच्या विद्यार्थ्यास मोठा बोध आहे. पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. आतां व्हिडिओंत रहस्यहि सांगितलेलें असतें, हें खरें. परंतु रहस्य कळणें आणि प्रयोग साधणें यांत गाणें ऐकणें आणि गाणें गातां येणें यांतल्याइतकेंच अंतर आहे. मुलगा एका संध्याकाळीं दहा प्रयोग पाहतो आणि जेवणें आटोपतांच घरच्या मंडळींपुढें एक करूं लागतो. आजी म्हणते, “अरे, तें बघ खालचें पान दिसलें!” हंशा पिकतो, पत्ते कपाटांत जातात, आणि आपल्या हातांत कांहीं कसब नाहीं असें मुलगा मनाशीं ठरवून टाकतो. खरें पाहतां कसब त्यानें अजून शिकावयास घेतलेलेंच नसतें.

व्हिडिओचे गुण थोडे नाहींत. दोन पानें एकाच पानासारखीं उलटण्याची क्लृप्ति शब्दांनीं समजावयास पुस्तकाचीं कित्येक पानें लागतात. चित्रांत ती क्षणांत दिसते. परंतु समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, म्हणून बोटांची उलटापालट होते. शिवाय पुस्तक वाचणारास आपोआप सावकाश जावें लागतें, व्हिडिओ मात्र पुढें पळतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही, कीं हा गुरु शिष्याची चूक कधींच पाहत नाहीं.

म्हणून आरंभ हातचलाखीचा करूं नये, गणिताचा करावा. २१ पानें घेऊन एकेक पान आडवें मांडीत सात-सातांच्या तीन उभ्या रांगा कराव्या. पाहणाराने एक पान मनांत धरून केवळ रांग सांगावी. ती रांग इतर दोहोंच्या मध्यें ठेवून पानें उचलावीं व पुन्हां तशींच मांडावीं. असें तीनदां केलें कीं मनांतलें पान अकरावें येतें. कारण उघड आहे: पहिल्या उचलींत तें मधल्या सातांत येतें, दुसऱ्या उचलींत मधल्या तिहींत, आणि तिसऱ्या उचलींत नेमकें मध्यावर. याच जातीच्या २७ पानांच्या खेळाचें गणित झेर्गोन या फ्रेंच गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मांडलें होतें. या खेळांत हात चुकत नाहीं, म्हणून बोलावें कसें, डोळे कोठें ठेवावे आणि पान केव्हां उघडावें, हें निर्धास्तपणें शिकतां येतें. आणि जादूचा प्राण त्यांतच आहे.

पुढें एका वेळीं एकच क्लृप्ति घ्यावी. आरशापुढें रोज पंधरा मिनिटें सराव करावा. आपल्याच हातांचा व्हिडिओ घेऊन दुसऱ्या दिवशीं परक्याच्या नजरेनें पाहावा. गुरूची उणीव त्यानें बरीच भरून निघते. प्रयोग प्रथम घरांतील एकाच माणसास दाखवावा. आग्रह झाला तरी त्याच बैठकींत तो पुन्हां करूं नये, आणि रहस्य सांगूं नये.

वडील मंडळींसहि एक विनंति. अर्डनेसच्या ग्रंथाचा मोठा भाग पत्तेबाज ठकांच्या युक्त्यांनीं भरलेला आहे. पान किती सहज बदलतां येतें हें ज्याच्या स्वतःच्या बोटांस ठाऊक झालें, तो पैसे लावून खेळावयास बसण्यापूर्वीं दहादां विचार करील. तेव्हां मुलगा किंवा मुलगी पत्त्यांचा जोड घेऊन पुढें आली असतां आंठी घालूं नये. पान निमूटपणें काढावें, आणि खालचें पान दिसलेंच, तर तें चारचौघांत न सांगतां मागाहून एकांतांत सांगावें.