नावाची राखण

वाशीम जिल्ह्यातील रिसोडच्या परिसरात हळदीचे पीक घेतले जाते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद व वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद तर विशेष नावाजलेली आहे. शेतातून काढलेले कंद शिजवावे लागतात, कित्येक दिवस उन्हात वाळवावे लागतात आणि घासून साफ करावे लागतात. तेव्हा कोठे पिवळेधमक हळकुंड हाती येते. दुकानात एखादे गिऱ्हाईक ‘वायगावची हळद द्या’ असे म्हणते, तेव्हा तेथील माती, हवापाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट यांवरील आपला विश्वासच ते बोलून दाखवीत असते.

मुलांनो, असे नाव ही त्या साऱ्या प्रदेशाची सामाईक मिळकत होय. शेताला कुंपण घालता येते. पण नावाला कुंपण कसे घालावयाचे? दुसऱ्याच कोणी आपल्या मालावर तेच नाव लिहिले, तर गिऱ्हाईक फसते आणि खऱ्या शेतकऱ्याचा भाव बुडतो.

बासमती तांदळाच्या बाबतीत असेच संकट आले. हा सुवासिक, लांब दाण्याचा तांदूळ भारत व पाकिस्तान या देशांत, हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात, शतकानुशतके पिकत आला आहे. अमेरिकेतील राइसटेक ही कंपनी ‘टेक्समती’ व ‘कासमती’ अशा मिळत्याजुळत्या नावांनी तांदूळ विकीत असे. १९९७ साली तिने बासमतीच्या वाणांवर व दाण्यांवर अमेरिकेत पेटंट मिळविले. पेटंट म्हणजे नव्या शोधावर दिलेला ठरावीक मुदतीचा हक्क. जे आपल्याकडे पूर्वापार आहे, तो नवा शोध कसा? भारताने पुराव्यांनिशी हरकत घेतली. तेव्हा कंपनीला आपले बहुतेक दावे सोडावे लागले आणि २००१ साली पेटंटाच्या शीर्षकातून ‘बासमती’ हा शब्द गेला. परंतु नावाची लढाई मात्र अपुरीच राहिली. बासमती हे केवळ तांदळाच्या एका प्रकाराचे नाव आहे, असे मानून अमेरिकेत पिकलेल्या तांदळालाही ते लावण्यास तेथे मनाई झाली नाही.

फ्रान्समधील रोकफोर गावाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथील गुहांत मेंढीच्या दुधाचे चीज मुरविले जाते. त्या नावाच्या रक्षणासाठी फ्रान्सने १९२५ सालीच कायदा केला. बासमतीचा वाद उभा राहिला, तेव्हा भारतात असा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९९९ साली संमत झाला व २००३ साली अमलात आला.

या कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणास भौगोलिक मानांकन असे म्हणतात. त्याची नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते. हे मानांकन कोणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचे होत नाही. उत्पादकांची संस्था त्यासाठी अर्ज करते. मालाचे गुण त्या प्रदेशामुळेच आले आहेत, हे तिला दाखवून द्यावे लागते. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली, बासमतीला व वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली हा मान मिळाला. मात्र ही नोंदणी भारतापुरती असते. परदेशात त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे निराळा प्रयत्न करावा लागतो.

तथापि, कायदा हा नावाचा पहारेकरी आहे. नाव कमावण्याचे काम माणसांनाच करावे लागते. परदेशी नक्कल करणाऱ्याइतकेच नुकसान हळदीत पिवळा रंग मिसळणारा आपल्यातीलच मनुष्य करीत असतो. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला, म्हणजे नोंदणीचा कागद तो परत आणू शकत नाही. म्हणून ज्या नावावर गावाची भाकरी अवलंबून आहे, त्या नावाला शोभेल असाच माल देणे, ही त्या नावाची पहिली राखण होय.