एलईडी लाईट स्टिक : खेळणे म्हणून नव्हे, कामाची वस्तू म्हणून विका

जत्रा, उरूस आणि लग्नाच्या वरातीत मुलांच्या हातात चमकणारी लाईट स्टिक आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तथापि आपले बहुतेक दुकानदार ती केवळ खेळणे समजून विकतात. शिरूर व दौंड तालुक्यांतील व्यापारी व कारागीर बांधवांनी तिच्याकडे कामाची वस्तू म्हणून पाहिल्यास धंदाही होईल आणि रस्त्यावरचा एखादा जीवही वाचेल.

कांडीच्या आत काय असते?

पारदर्शक प्लास्टिकची नळी, एक-दोन एलईडी, बटण आणि सेल, एवढाच हा संसार. रसायनाची कांडी एकदा मोडली की काही तास चमकते आणि मग फेकून द्यावी लागते. एलईडीच्या कांडीत मात्र सेल बदलता येतो. लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट, तर पांढऱ्याला सुमारे 3 व्होल्ट लागतात. म्हणून 1.5 व्होल्टच्या दोन पेन्सिल सेलांवर लाल दिवा चांगला चालतो.

खरा फरक सेलचा

तीन बारीक बटण सेलांची कांडी एका रात्रीच्या वरातीपुरती ठीक. रोजच्या कामासाठी बारीक पेन्सिल सेलची (एएए) कांडी घ्यावी. चांगल्या अल्कलाईन सेलची क्षमता साधारण 1000 मिलिअँपिअर-तास असते. दोन सेल, एक लाल एलईडी व 100 ओहमचा रेझिस्टर जोडल्यास सुमारे 10 मिलिअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे हिशेबाने 100 तास. सेल उतरेल तसा प्रकाश मंदावतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. साधे स्वस्त सेल साधारण निम्मेच टिकतात. तेव्हा कांडीची किंमत न पाहता, सेलची किंमत भागिले तास असा हिशेब करावा.

उपयोग कोठे?

ही कांडी रस्ता दाखवण्यासाठी नाही, आपण दुसऱ्याला दिसावे यासाठी आहे. ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर आणि कारखान्यांच्या वाटांवर रात्री उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या चालतात. लादलेल्या उसामागे मागचा दिवा झाकला जातो आणि भरधाव वाहन जवळ आल्यावरच गाडी दिसते. अशा गाडीच्या मागे, उसाच्या बाहेर, दोन्ही कडांना लाल कांडी बांधावी. मात्र ती रिफ्लेक्टरची जागा घेऊ शकत नाही. सेल संपतो, रिफ्लेक्टर संपत नाही. दोन्ही हवेत. लाल दिवा मागेच असावा, पुढे लावल्यास समोरच्याची फसगत होते.

याखेरीज फळांची हातगाडी, सायकल, बंद पडलेला टेम्पो, मंडपाच्या दोऱ्या, खोदलेला चर या ठिकाणी ती उपयोगी पडते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला मोटारीची पेटी व चारीचे दार शोधण्यास खूण होते. पण शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. कांडी पाहून बिबट्या पळतो असे सांगून ती कदापि विकू नये. तेथे मोठी बॅटरी व सोबत माणूस, हेच बरे.

कारागिरांसाठी काम

सोल्डरिंग येणाऱ्या कारागिराला ही कांडी घरी बनवता येते. एलईडी, रेझिस्टर व सेलचे डबे पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. सांध्याला सिलिकॉन लावल्यास पाऊस आत जात नाही. मागे तार किंवा रबरी पट्टा दिल्यास ती ट्रॉलीला पक्की बसते. पावसात, धक्क्यात टिकलेला नग दाखवला की गिऱ्हाईक पुन्हा येते.

एक जबाबदारी

बटण सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर तो माल लहान मुलांसाठी विकू नये. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. असे घडल्यास उलटी करवू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. वापरलेले सेल दुकानात डबा ठेवून परत घ्यावेत, ते चुलीत किंवा शेकोटीत जाऊ देऊ नयेत.

वस्तू स्वस्त आहे, नफाही थोडाच आहे. पण हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गाडीवानाला मागच्या दोन लाल कांड्या व रिफ्लेक्टर मिळून एक जोड विकला, तर गिऱ्हाइकाचे भले होईल आणि दुकानाची पतही वाढेल.