विद्युतधारेच्या एककांचे रूपांतर : अंबरनाथ परिसरातील उदाहरणांच्या आधारे

प्रस्तावना

विद्युतधारेच्या एककांचे रूपांतर म्हणजे केवळ दशांशचिन्ह सरकविणे, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. प्रस्तुत लेखात या रूपांतराचे दोन प्रकार स्पष्ट केले असून, रूपांतर म्हणून चुकीने केल्या जाणाऱ्या तिसऱ्या क्रियेचाही विचार केला आहे.

१. उपसर्गांनुसार रूपांतर

अँपिअर हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील मूलभूत एकक होय. १९४८ मध्ये स्वीकारलेली त्याची व्याख्या दोन समांतर वाहकांमधील बलावर आधारित होती. २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या निश्चित मूल्यावर आधारित आहे. १ अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर किंवा १०,००,००० मायक्रोअँपिअर. १,००० अँपिअर म्हणजे १ किलोअँपिअर.

हे रूपांतर सोपे असले तरी त्यातील चूक गंभीर ठरू शकते. विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण करण्यासाठी घरात किंवा प्रयोगशाळेत बसविला जाणारा गळती-संरक्षक स्विच सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा असतो. हाच आकडा ०.३ अँपिअर असा लिहिल्यास तो ३०० मिलिअँपिअर होतो. त्या क्षमतेचा स्विच मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतो. माणसाला धक्का बसत असताना तो वीजपुरवठा तोडेलच असे नाही.

२. एकक पद्धतींमधील रूपांतर

जुन्या ग्रंथांत सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीची एकके आढळतात. १ अ‍ॅबअँपिअर म्हणजे १० अँपिअर, तर १ अँपिअर म्हणजे सुमारे ३ अब्ज स्टॅटअँपिअर. येथे केवळ उपसर्ग बदलत नाही, तर व्याख्येचा पायाच बदलतो.

३. अँपिअर आणि किलोवॅट

‘इतके किलोवॅट म्हणजे किती अँपिअर?’ हा प्रश्न एकक रूपांतराचा नाही. शक्ती आणि धारा या भिन्न राशी आहेत. विभवांतर ज्ञात असल्याशिवाय त्यांचा संबंध लावता येत नाही आणि प्रत्यावर्ती धारेत शक्तिगुणकही विचारात घ्यावा लागतो.

अंबरनाथ स्थानकातून जाणारी उपनगरी गाडी याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विद्युत गाडी १,५०० व्होल्ट दिष्ट धारेवर धावली. पुढे उपनगरी मार्गांचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारेत टप्प्याटप्प्याने परिवर्तन होऊन ते २०१६ मध्ये पूर्ण झाले. गणितासाठी गाडीची गरज ३,००० किलोवॅट मानू. जुन्या प्रणालीत त्यासाठी २,००० अँपिअर, म्हणजे २ किलोअँपिअर धारा लागेल. नव्या प्रणालीत, शक्तिगुणक १ धरल्यास, केवळ १२० अँपिअर पुरेल. तारेतील उष्णतारूपी ऱ्हास धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, रोध समान मानल्यास तो सुमारे २७८ पटींनी घटतो. म्हणूनच नव्या प्रणालीत विद्युत उपकेंद्रे अधिक अंतरावर ठेवता येतात.

निष्कर्ष

३,००० किलोवॅटला एकच ठरावीक ‘अँपिअर मूल्य’ नाही, हे वरील उदाहरणावरून स्पष्ट होते. विद्यार्थ्याने प्रथम राशी ओळखावी, नंतर एकक आणि शेवटी दशांशचिन्ह तपासावे. अध्यापनात हा क्रम पाळला गेल्यास रूपांतराचा तक्ता पाठ करण्याचा विषय न राहता सुरक्षिततेचा विषय ठरेल.