गावचे हायस्कूल

दापोली तालुक्यात समुद्राकाठी मुरूड गाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे तिथले. १८७५ साली त्यांना एका सरकारी परीक्षेला बसायचे होते. परीक्षा साताऱ्याला! सोबत्यांबरोबर ते पायी निघाले. कुंभार्ली घाट चढून चौथ्या दिवशी पोचले. पण वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिले नाही. आले तसे परत.

आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना एवढी पायपीट नाही. जवळपास हायस्कूल असते. आम्ही विचारतो, ते आले कुठून? पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांनीच संस्था काढली. कुणी जमीन दिली, कुणी चिरे वाहिले. चाकरमान्यांनी मुंबईहून पैसे धाडले. अनुदान मिळाले की शिक्षकांचा पगार सरकार देते. कौले फुटली तर मात्र पुन्हा गावच वर्गणी काढते.

दहावीची परीक्षा कोकण मंडळ घेते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात येतात. तरी निकालात हे मंडळ राज्यात पुढे असते, बरं का!

आम्हांला काळजी वेगळीच आहे. घरे मुंबईला गेली, पोरे कमी झाली. पटावर मुले किती, यावर शिक्षक किती ते ठरते. पट घटला की एखादा शिक्षक जातो. मग उरलेली पोरेही दूरची शाळा धरतात. मुलगा एस.टी.ने जातो. मुलीला भर पावसात वहाळापलीकडे कोण धाडणार? ती घरी बसते.

जूनमध्ये शाळा उघडते. त्याआधी आपल्या वाडीतली सातवी झालेली मुले मोजा. मुलीही मोजा. आणि हायस्कुलात जाऊन यंदाचा पट विचारा.