ठिपका कुठे दिसला, सांगा

केंब्रिजमध्ये ५२ वर्षांची एक अंध बाई बसली आहे. तिच्या डोक्याच्या कातडीखाली छोटे रेडिओ रिसीव्हर बसवलेले आहेत आणि त्यांना जोडलेले ८० इलेक्ट्रोड मेंदूच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला टेकलेले आहेत. बाहेरून संदेश दिला की तिला डावीकडे पांढरा ठिपका दिसतो. बहुतेकदा एकच, अगदी बारीक, साबुदाण्याचा दाणा हातभर अंतरावर धरावा तसा. कधी दोन-तीन, कधी नुसता ढगासारखा पुंजका. ती डोळे फिरवते तसा ठिपकाही सरकतो, म्हणजे न पाहणारे डोळे उजेड मात्र सोबत घेऊन फिरतात. ती सांगते आणि समोरचे लिहून घेतात. जाइल्स ब्रिंडली आणि शल्यचिकित्सक वॉलपोल ल्यूइन यांनी १९६८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला.

या विषयावरचं लेखन सहसा इलेक्ट्रोडांची संख्या सांगत पुढे जातं: ८०, ९६, ४००, १०२४. वाचायला लागलो तेव्हा मीही आकडेच टिपत होतो. पुढे लक्षात आलं, की कोणत्याही यंत्राला तो ठिपका दिसत नाही. तो एकाच माणसाला दिसतो, आणि त्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नसतं. या शास्त्राचा सगळा पाया अशा माणसांच्या सांगण्यावर उभा आहे.

हे केंब्रिजच्याही आधीपासूनचं आहे. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलींच्या वेगवान, बारीक गोळ्या कवटीतून आरपार जात आणि पुष्कळ सैनिक त्यातून जगत. त्यांची दृष्टी किती गेली हे ठरवून भरपाई देण्यासाठी तात्सुजी इनोये या तरुण नेत्रवैद्याला तपासणीचं काम दिलं गेलं. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि सैनिकाला नजरेच्या कोणत्या कोपऱ्यात दिसेनासं झालं, हे त्यानं ताडून पाहिलं. १९०९ साली त्यानं जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दृष्टीचा नकाशा मेंदूच्या मागच्या भागात कसा पसरलेला आहे ते आलं. तो नकाशा समप्रमाणात नाही. नजरेच्या अगदी मधल्या, वाचायला लागणाऱ्या छोट्याशा भागाला मेंदूनं भरपूर जागा दिली आहे, कडेच्या सगळ्या पसाऱ्याला थोडकी. शिवाय बराचसा नकाशा मेंदूच्या घडीत आत दडलेला, जिथे इलेक्ट्रोड पोचवणं अवघड.

डोळा सोडून थेट मेंदूत का शिरायचं? काचबिंदूनं किंवा अपघातानं डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नसच निकामी झाली, तर डोळ्यात कितीही चांगलं यंत्र बसवलं तरी निरोप पुढे जात नाही. ज्यांना पूर्वी दिसत होतं त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग मात्र अनेक वर्षांच्या अंधारानंतरही प्रतिसाद देतो. जन्मांध माणसाची गोष्ट वेगळी, कारण त्या भागाची घडणच पाहण्याच्या सवयीशिवाय झालेली असते.

बराच काळ हिशेब सोपा वाटत होता: ठिपक्यांची रांगोळी काढतो तसे पुरेसे ठिपके मांडले की आकृती दिसेल. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील मायकेल बोशँप आणि डॅनियल योशोर यांच्या गटानं हे तपासलं. बरेच इलेक्ट्रोड एकदम चालू केले की अक्षर दिसत नव्हतं, ठिपके एकमेकांत मिसळून जात. मग त्यांनी इलेक्ट्रोड एकामागून एक चालू केले, तळहातावर बोटानं अक्षर गिरवावं तसे. आता अक्षर ओळखू आलं. २०२० सालच्या या निबंधातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मेंदूला चित्रापेक्षा रेघेची हालचाल लवकर कळली. नुसते इलेक्ट्रोड वाढवत नेण्यावर माझा विश्वास तेव्हापासून कमी झाला.

त्याच वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये पीटर रूल्फसेमा यांच्या गटानं माकडांच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोड बसवले. माकडांनी नजर वळवून अक्षरं ओळखली, आणि काम मोठंच होतं. पण ठिपका टोचरा होता की मऊ, हे माकड कसं सांगणार?

सांगणाऱ्यांशी आपण कसं वागलो, याची नोंदही याच इतिहासात आहे. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीनं डोळ्याच्या पडद्यावर बसणारं आर्गस यंत्र ३५०हून अधिक लोकांना दिलं, आणि २०१९ साली ते बनवणं थांबवून ती मेंदूत बसणाऱ्या ओरायन यंत्राकडे वळली. पुढे कंपनीच अडचणीत आली. ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होतं ते दुरुस्तीविना, सुट्या भागांविना उरले. मोबाइल बंद पडला तर दुसरा घेता येतो. हे यंत्र शरीरात आहे. यंत्र बसवण्याआधी पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची सोय कायद्यानं बांधलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

याउलट स्पेनमधल्या एल्चे इथं एदुआर्दो फर्नांदेझ यांच्या प्रयोगात सुरुवातीपासून ठरलेलं होतं, की यंत्र सहा महिन्यांनी काढायचं. १६ वर्षं अंध असलेली ५७ वर्षांची एक माजी विज्ञानशिक्षिका त्याला तयार झाली. चार मिलिमीटरच्या चौकोनात ९६ सुया, मेंदूच्या आत शिरलेल्या, त्यामुळे पृष्ठभागावरून द्यावा लागतो त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरला. तिला आकारांच्या कडा आणि काही अक्षरं ओळखता आली. काय दिसतंय, किती उजळ, कुठे, हे ती दिवसेंदिवस नेमकेपणानं सांगत राहिली. मुदत संपल्यावर सुया काढल्या. २०२१ साली निबंध छापून आला, तेव्हा लेखकांच्या यादीत डॉक्टर आणि इंजिनिअरांबरोबर तिचंही नाव होतं.