सी.ए. परीक्षेचा पुन्हा प्रयत्न : आधी उत्तरपत्रिकेचा हिशेब

पिढ्यान्‌पिढ्या किर्द-खतावणी लिहिणाऱ्या जैन कुटुंबांत सी.ए. या पदवीला मोठा मान आहे. दहावीनंतर मुलाने वाणिज्य शाखा घेतली की पुढचा मार्ग घरच्यांनी बहुधा मनाशी ठरवलेला असतो. म्हणूनच निकालात ‘अनुत्तीर्ण’ असा शब्द दिसला की घर हादरते. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, मे २०२५ च्या अंतिम परीक्षेत दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी केवळ १८.७५ टक्के विद्यार्थी दोन्ही ग्रुपमध्ये उत्तीर्ण झाले. पुन्हा परीक्षेस बसणे हा या अभ्यासक्रमातील अपवाद नसून नित्याचा भाग आहे.

प्रश्न एवढाच की पुन्हा बसायचे ते कसे? बहुतेक विद्यार्थी निकालानंतर आठ-दहा दिवस खिन्न राहतात आणि मग पहिल्या प्रकरणापासून तीच पुस्तके त्याच क्रमाने वाचू लागतात. तेरीज जुळली नाही म्हणून कोणताही जाणता मुनीम वर्षाची सारी किर्द नव्याने लिहीत नाही. फरक किती आणि कोठे आहे हे तो आधी शोधतो. अभ्यासालाही हाच न्याय लागू आहे.

शोधाची सुरुवात गुणपत्रकापासून करावी. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळावे लागतात. समजा, इंटरमीजिएटच्या पहिल्या ग्रुपमध्ये एका विद्यार्थिनीला प्रगत लेखाशास्त्रात ६६, कंपनी व इतर कायद्यांत ३६ आणि करआकारणीत ४७ गुण मिळाले. बेरीज १४९. घरात सारे म्हणतात, ‘एका गुणाने गेले.’ ते खरे नाही. बेरीज १५० झाली असती तरी कायद्याच्या ३६ गुणांमुळे निकाल तोच लागला असता. दुसरीकडे, तिच्या हाती एक भांडवलही आले आहे. ग्रुपमधील सर्व पेपर देऊन एखाद्यात ६० किंवा अधिक गुण मिळवले, तर त्या पेपरातून सूट मिळते आणि ते गुण पुढील खेपेस बेरजेत धरले जातात. म्हणजे तिला उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८४ गुण हवेत आणि प्रत्येकात किमान ४०. केवळ ४२ गुणांचे लक्ष्य ठेवून अभ्यास करणे मात्र धोक्याचे. तयारी ५५-६० गुणांचीच असावी.

ही सूट पुढील लगतच्या तीन परीक्षांपुरती असते. पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा होत, तेव्हा हा काळ दीड वर्षाचा होता. आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन परीक्षा होत असल्याने तो वर्षभरातच संपतो. त्यानंतर कायम सूट मागता येते. परंतु मग ग्रुपमधील उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० गुण मिळवावे लागतात. तयारी नसताना ‘बसून तर पाहू’ म्हणून परीक्षा देणाऱ्यांनी आणि विनाकारण एखादी परीक्षा सोडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

गुणपत्रकाने फरक किती ते कळते. तो कोठे आहे हे उत्तरपत्रिका सांगते. निकालापासून ३० दिवसांच्या आत शुल्क भरून आपल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवता येते. फेरमूल्यांकनाची सोय या परीक्षेत नाही. पडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचे राहून गेलेले उत्तर पाहिले जाते. त्यामुळे ‘गुण वाढतील का’ या आशेने प्रत मागवणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. आपण काय लिहिले, हे पाहण्यासाठी ती मागवावी. सोबत संस्थेने प्रसिद्ध केलेली आदर्श उत्तरे ठेवावीत आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावे. विषय येतच नव्हता, येत होता पण आठवला नाही, आठवला पण नीट मांडता आला नाही, की वेळच उरला नाही? चारही रोगांचे औषध वेगवेगळे आहे. विषय ठाऊक असूनही मांडणीत गुण गमावणाऱ्याने पुन्हा नवा क्लास लावणे म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय होय.

व्यापारी घरांतील मुले गणिती पेपरांत सहसा तरतात आणि कायदा व लेखापरीक्षणात अडतात. आकडा बरोबर आला की काम झाले, ही सवय तेथे नडते. कायद्याच्या उत्तरात आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू पडते याचे विवेचन आणि शेवटी निष्कर्ष हवा. ‘होय, कंपनीचे कृत्य वैध आहे’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत. याउलट लेखाशास्त्रात अंतिम आकडा चुकला तरी टिपणे स्वच्छ लिहिलेली असतील तर पायरीपायरीचे गुण मिळतात. इंटरमीजिएट आणि अंतिम परीक्षेत ३० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना असून चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. तेव्हा त्यातील एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

आठवण्याच्या अडचणीसंबंधी एक प्रयोग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा अभ्यासण्यास दिला. इतरांना तो एकदा अभ्यासून पुढील तीन वेळा न पाहता आठवून लिहिण्यास सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा परीक्षेस बसणाऱ्याला ही फसगत विशेष भोवते. पुस्तक ओळखीचे असते, रंगीत पेनाने अधोरेखित केलेले असते, पाने सरसर उलटतात आणि सारे येते असे वाटते. म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणे, हाच अभ्यासाचा मोठा भाग असावा. आठवड्यातून एकदा तरी दुपारी दोन ते पाच, म्हणजे प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळेतच, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा आणि तो दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा.

जुन्या टिपणांवर विसंबू नये, हेही सांगितले पाहिजे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा येत आहे. त्यात ‘कर वर्ष’ ही संकल्पना आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तोंडपाठ असलेले ८०सी तेथे १२३ झाले आहे. वस्तू व सेवा कराचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा लागू, हे संस्था प्रत्येक वेळी जाहीर करते. ते पत्रक अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी पाहावे.

मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो आणि सप्टेंबरच्या आरंभी पुढची परीक्षा येते. हाती जेमतेम दोन महिने उरतात. एक-दोन पेपरच उरले असतील तर ते पुरतात. दोन्ही ग्रुप नव्याने द्यायचे असतील तर जानेवारीचा विचार करणे शहाणपणाचे. दोन्ही ग्रुप एकत्र देण्यात एक लाभ निश्चित आहे. प्रत्येक पेपरात ४० गुण असतील, तर एका ग्रुपमधील जादा गुण दुसऱ्यातील तूट भरून काढतात. तयारी एकाच ग्रुपची असताना या लोभाने दोन्ही अंगावर घेणारे मात्र अनेकदा दोन्ही गमावतात. नव्या योजनेत इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही, म्हणून तेथील विलंब अधिक महाग पडतो.

सप्टेंबरची परीक्षा पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या आसपास येते. त्या दिवसांत घरी पाहुणे, प्रवचने, पारणी यांची वर्दळ असते. तपश्चर्येचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र तो जुलैतच घेऊन वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे. परीक्षेच्या ऐन आठवड्यात त्यावरून घरात वाद नकोत.

दुकानाचेही तसेच आहे. नापास झालेल्या मुलाला ‘तोवर गल्ल्यावर बस’ असे सांगितले जाते. दुकानाचे जीएसटी विवरणपत्र भरून विषय समजण्यास मदत होते हे खरे, पण त्याने पेपर लिहून होत नाही. दुकानात यायचेच असेल तर वेळ ठरवून द्यावी आणि सकाळचे सलग चार तास कोणीही हाक मारू नये. मुलींच्या बाबतीत अडचण निराळी असते. पहिल्या अपयशानंतर लगेच स्थळे पाहण्याची घाई सुरू होते आणि अभ्यासाच्या ऐन दिवसांत बैठका ठरतात. पुढचा प्रयत्न होईपर्यंत हा विषय थांबवला तर फार काही बिघडत नाही; मुलीची एक परीक्षा मात्र वाचते.

किती प्रयत्न करायचे, हे निकालाच्या दिवशी ठरवू नये. शांतपणे, अर्ज भरतानाच वडील आणि मुलांनी मिळून ते ठरवावे. उत्तरपत्रिका पाहून, पद्धत बदलून दोन-तीन वेळा प्रामाणिक प्रयत्न केल्यावरही गुण त्याच जागी राहत असतील, तर परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव हे अभ्यासक्रम आहेत, बँकांच्या परीक्षा आहेत, आणि घरच्या पेढीलाही लेखा व कर जाणणाऱ्या माणसाची गरज असतेच.