देवमाशाच्या पोटातला बर्फ

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात हिवाळ्यात हिम पडतं, तेव्हा ते येल विद्यापीठातल्या एका विलक्षण छपरावरही पडतं. मधोमध उंच कणा, दोन्ही अंगांना उतरत गेलेली पाठ आणि प्रवेशद्वारावर अलगद उचललेलं टोक. या इमारतीचं नाव डेव्हिड एस. इंगल्स रिंक, पण सगळे तिला ‘येल व्हेल’, म्हणजे येलचा देवमासा म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती किनाऱ्यावर ओढून उपडी घातलेली होडी वाटेल, आणि तेही चुकीचं नाही. आत बर्फाचं मैदान आहे, 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद. त्यावर पायांत स्केट घालून, वाकड्या काठीनं ‘पक’ नावाची रबराची जाड चकती पळवत आइस हॉकी खेळतात.

या इमारतीचं मोठेपण तिच्या दिसण्यात आहे असं बरेच जण मानतात. मला ते तिच्या काम करण्यात दिसतं, आणि ते समजून घ्यायची एक सोपी वाट आहे. वर पडलेल्या ओंजळभर हिमाचं वजन जमिनीपर्यंत कसं पोचतं, ते पाहत खाली यायचं.

त्याआधी ही इमारत आली कुठून, ते थोडक्यात. येलचं आणि या खेळाचं नातं जुनं. फेब्रुवारी 1896 मध्ये बाल्टिमोरला येल आणि जॉन्स हॉपकिन्स हे दोन विद्यापीठ-संघ एकमेकांविरुद्ध खेळले आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. अमेरिकेतल्या आंतरविद्यापीठ आइस हॉकीची सुरुवात तिथून मानतात. पुढे कित्येक वर्षं येलचा संघ शहरातल्या न्यू हेवन अरीनात खेळत असे. स्वतःचं रिंक मिळालं ते इंगल्स घराण्याच्या देणगीतून. थोरले डेव्हिड इंगल्स पहिल्या महायुद्धात नावाजलेले वैमानिक होते. शत्रूची पाच किंवा जास्त विमानं पाडणाऱ्याला ‘एस’ म्हणतात. त्या युद्धात अमेरिकी नौदलाचे असे ते एकमेव वैमानिक. ते आणि त्यांचा मुलगा, दोघेही आपापल्या काळात येलच्या हॉकी संघाचे कर्णधार होते.

त्या वेळी येलचे अध्यक्ष होते ए. व्हिटनी ग्रिस्वोल्ड. दगडी मनोरे आणि कमानदार खिडक्यांच्या गॉथिक धाटणीच्या त्या परिसरात आपल्या काळाच्या इमारतीही उभ्या राहायला हव्यात, हा त्यांचा आग्रह. रिंकचं काम त्यांनी एरो सारिनेन यांच्याकडे दिलं. सारिनेन जन्मानं फिनलंडचे, आणि येलमध्येच वास्तुकला शिकलेले. सेंट लुईसच्या प्रचंड कमानीची स्पर्धा त्यांनी 1948 मध्येच जिंकली होती, पण ती कमान उभी राहायला 1965 उजाडलं. हे रिंक मात्र 1958 मध्ये पुरं झालं. खर्च आला सुमारे 15 लाख डॉलर, मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

आता छपराकडे.

रिंकच्या छपराची पहिली अडचण खांबांची. मैदानावर तर खांब चालतच नाही. प्रेक्षकांमध्ये उभा केला, तर त्याच्या मागे बसलेल्याला अर्धा खेळ दिसणार नाही. इथे सुमारे 3,500 माणसं बसतात आणि प्रत्येकाची नजर त्या एका काळ्या चकतीवर असते, जी डोळ्याचं पातं लवेपर्यंत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. म्हणजे एवढी जागा मधे काहीही न ठेवता झाकायची. सरधोपट उपाय म्हणजे आडव्या दिशेनं एकामागून एक लोखंडी कैच्या टाकायच्या आणि वर पत्रे. काम भागतं, गोदामासारखं दिसतं.

सारिनेन यांनी स्थापत्य अभियंता फ्रेड सेव्हरूड यांच्यासोबत वेगळी वाट धरली. मैदानाच्या लांबीच्या दिशेनं, बरोबर मधोमध, त्यांनी प्रबलित काँक्रीटची एकच कमान टाकली. टोकापासून टोकापर्यंत ती सुमारे 90 मीटर भरते. हाच तो कणा. तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी दोर खाली सोडले आणि बाहेरच्या भिंतींच्या माथ्याला बांधले. दोरांवर लाकडी फळ्यांचं छप्पर. कण्याखाली छताची उंची 23 मीटरपर्यंत जाते आणि प्रेक्षकांकडे ते उतरत येतं.

ओंजळभर हिम फळीवर पडलं. फळीनं ते वजन दोराला दिलं. वाळत घातलेल्या ओल्या धोतरानं दोरी जशी ताणली जाते, तसा हा दोर ताणला जातो. दोराला ढकलणं जमत नाही, त्याला फक्त ओढता येतं. आणि पोलाद ओढ सोसण्यात पटाईत. दोराचं वरचं टोक कमानीला खाली ओढतं. कमान ही ओढ दाबाच्या रूपानं आपल्या दोन पायांकडे नेते आणि जमिनीत सोडते. काँक्रीटचं पोलादाच्या उलट आहे. ताण दिला तर ते तडकतं, दाब मात्र बिचारं पुष्कळ सोसतं. ज्याला जे जमतं, त्याला तेच काम दिलेलं आहे.

दोराचं खालचं टोकही कुठेतरी ओढणारच. ते बाजूच्या भिंतीला आत खेचतं. सरळ भिंत या ओढीनं आत कलली असती. म्हणून इथली भिंत सरळ नाही. वरून पाहिलं तर ती बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसते, माशाच्या कुशीसारखी. म्हणजे तीसुद्धा एक कमानच, फक्त आडवी निजवलेली. आत खेचलं की ती आपल्या लांबीत दाबली जाते आणि तग धरते. विद्यार्थ्यांना जो माशाचा फुगवटा दिसतो, तो नुसत्या हौसेनं दिलेला नाही, दोरांची ओढ सोसायला तो उपयोगी पडतो. या इमारतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

एक धोका उरतो, वाऱ्याचा. टांगलेलं छप्पर हलकं असतं, आणि हलकं छप्पर वाऱ्यात साडीच्या पदरासारखं फडफडतं. त्यावरचा इलाज दोरांच्या जाळ्यात आणि छपराच्या आकारात आहे. लांबीच्या दिशेनं कणा वर उचललेला, रुंदीच्या दिशेनं दोर खाली झोल घेतलेले. दोन उलट दिशांची ही वळणं एकत्र आली की घोड्याच्या खोगिरासारखा पृष्ठभाग तयार होतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोरांचं जाळं असा आकार घट्ट धरून ठेवतं. एका दिशेचे दोर खाली झुकू पाहतात, दुसऱ्या दिशेचे वर उसळू पाहतात, आणि दोघे मिळून जागचे हलत नाहीत.

वरचं हिम असं जमिनीला मिळालं. खाली जो बर्फ आहे, तो मात्र माणसानं केलेला.

जुन्या घरांतल्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाबरोबर खडेमीठ टाकत, ते आठवून पाहा. खारं पाणी शून्य अंशाखाली गेलं तरी गोठत नाही, आणि म्हणूनच ते भोवतालची उष्णता शोषत राहतं. रिंकही साधारण याच तत्त्वावर चालतं. मैदानाखाली काँक्रीटची लादी असते, तिच्या पोटात एकमेकींच्या जवळ पुरलेल्या नळ्या, आणि नळ्यांतून शीतयंत्रानं गार केलेलं खारं पाणी किंवा तसाच एखादा न गोठणारा द्रव फिरत असतो. लादी शून्याच्या बरीच खाली गेली की तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. तो गोठला की पुढचा. घाई करून एकदम पाणी ओतलं तर बर्फ असमान आणि ठिसूळ होतो. आधीच्या काही थरांवर पांढरा रंग देतात, तांबड्या-निळ्या रेषा आखतात, आणि वर आणखी थर चढवतात. खेळाडू ज्या रेषांवरून धावतात त्या खरं तर त्यांच्या पायाखाली, बर्फाच्या आत असतात. एवढं सगळं करून बर्फाची जाडी भरते जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर.

सामन्यात स्केटच्या पात्यांनी बर्फ ओरखडून निघतो. मग डावांच्या मधे झांबोनी नावाचं यंत्र फिरतं. कॅलिफोर्नियात रिंक चालवणाऱ्या फ्रँक झांबोनी यांनी ते 1949 मध्ये तयार केलं. ते वरचा पापुद्रा खरवडून गोळा करतं, चरे धुतं आणि मागे पाण्याचा पातळ थर पसरत जातं. हे पाणी सहसा गरम असतं. नवख्याला हे उलटं वाटतं, पण गरम पाणी जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्यानं बर्फ टणक आणि नितळ बनतो.

या छपराखाली फक्त खेळच झाला असं नाही. मे 1970 मध्ये न्यू हेवनला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांवरील खटल्याच्या निषेधार्थ हजारो तरुण जमले होते. 1 मेच्या रात्री रिंकमध्ये स्फोट झाला. सुदैवानं कोणाला गंभीर इजा झाली नाही. आणि इथल्या संघाचा मोठ्या आनंदाचा दिवस यायला 2013 चा एप्रिल उजाडला. पिट्सबर्गमध्ये येलनं क्विनिपिअॅकला 4-0 हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. क्विनिपिअॅक न्यू हेवनच्या अगदी शेजारचंच विद्यापीठ, त्यामुळे त्या विजयाला घरच्या लढतीची धार होती.

सारिनेन 1961 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी गेले. पन्नासेक वर्षांनी रिंकला मोठी डागडुजी लागली आणि खेळाडूंच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा काम सोपवलं गेलं केव्हिन रोश यांच्या संस्थेकडे. रोश तरुणपणी सारिनेन यांच्याच कार्यालयात काम करत होते. देवमाशाच्या शेजारी नवी इमारत जोडली असती तर माशाची कूस झाकली गेली असती. रोश यांनी वाढीव जागा जमिनीखाली नेली. 2010 मध्ये काम पुरं झालं, आणि बाहेरून जाणाऱ्याला आजही तोच कणा आणि तीच उतरती पाठ दिसते.